बागेत कोण येत नाही?

संध्याकाळी सहाच्या सुमारास घराजवळच्या महापालिकेच्या बागेत जा. फिरायला नको, मोजायला जा. फाटकापाशी उभे राहून डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश नजर फिरवा आणि कागदावर चार रकाने आखून खुणा करा : लहान मुले, वयात येणारी मुले, मोठी माणसे, ज्येष्ठ. प्रत्येक रकान्यात मुलगे-मुली, बाया-पुरुष वेगळे लिहा. कोण बसले आहे, कोण चालते आहे, कोण धावते-उड्या मारते आहे, तेही टिपा. हेच तासाभराने पुन्हा करा. आठवड्यातल्या तीन-चार दिवशी, त्यात एक रविवार, असे केले की कागदावर बागेची नाडी उमटते.

आपल्याकडच्या बऱ्याच बागांत ती साधारण अशी दिसते. चालायच्या वाटेवर पन्नाशीपुढची मंडळी गोल गोल फिरताहेत. ओपन जिमच्या यंत्रांवर दोन-चार जण पाय हलवताहेत. झोक्यांपाशी सहा-सात वर्षांपर्यंतची मुले, त्यांच्यामागे आजी, आई किंवा सांभाळणारी बाई. एका कोपऱ्यात, 'क्रिकेट खेळू नये' या पाटीखालीच, दहा-पंधरा मुलगे क्रिकेट खेळताहेत. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलींच्या रकान्यात एखाद-दुसरी खूण, तीही 'बसलेली'. चाकाच्या खुर्चीतले मूल एकही नाही.

ही मोजणी म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात 'सोपार्क' नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी ती २००६ मध्ये मांडली आणि तिचा गाभा वर सांगितला तेवढाच आहे. बागेत कोण येते आणि येऊन काय करते हे त्यातून कळते. त्याहून महत्त्वाचे, कोण येत नाही हे कळते. बागेचे नूतनीकरण करायचे असेल तर सुरुवात तिथून व्हायला हवी. प्रत्यक्षात ती तिथून जवळजवळ कधीच होत नाही.

प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना पाठ आहे. निधी मंजूर होतो. ठेकेदाराच्या कॅटलॉगमधून रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचा एक संच निवडला जातो. जुने लोखंडी झोके भंगारात जातात, मातीवर पेव्हर ब्लॉक बसतात, कोपऱ्यात नगराच्या नावाचा दिव्यांचा सेल्फी पॉइंट उभा राहतो आणि लोकार्पणाचा फलक लागतो. फलकावर नावे असतात ती निधी आणणाऱ्यांची. वापरणाऱ्यांना विचारले का, असा प्रश्न केला तर उत्तर ठरलेले असते : 'मागणी होतीच.' कोणाची, हे मात्र सांगता येत नाही. डॉक्टरने नाडी न बघता, काय होते आहे ते न विचारता चिठ्ठी लिहिली तर आपण दुसरा डॉक्टर शोधतो. बागेच्या बाबतीत तेच आपण निमूट चालवून घेतो.

नुसत्या खर्चाने बाग भरत नाही, याचा पुरावा आहे. लॉस एंजेलिसमध्ये डेबोरा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच बागांची नूतनीकरणाआधी आणि नंतर मोजणी केली. प्रत्येक बागेवर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. तुलनेसाठी तशाच, पण काम न झालेल्या पाच बागाही मोजल्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा नगरसंस्थांना ते फारसे रुचले नसावेत. नव्या झालेल्या बागांतही आणि जुन्या राहिलेल्या बागांतही, दोन्हीकडे माणसे कमी झाली होती. या घटीचा मोठा भाग एका कारणाने समजत होता : तिथे चालणारे वर्ग, सामने, शिबिरे कमी झाली होती. म्हणजे लोकांना बागेत आणण्याची ताकद नव्या इमारतीपेक्षा तिथे काय चालते यात जास्त होती.

मुली कुठे गेल्या?

आता ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथे एव्हा काइल नावाच्या नगररचनाकार बाईंनी १९९१ मध्ये शहरातल्या स्त्रियांचे रोजचे जगणे दाखवणारे छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. सार्वजनिक जागा नेमकी कोणाची, हा त्याचा प्रश्न होता. पुढे महापालिकेने स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले आणि त्या वातावरणात १९९६-९७ च्या सुमारास समाजशास्त्रज्ञांनी शहरातल्या बागांची पाहणी केली. साधारण नऊ वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली बागेत दिसत होत्या. त्यानंतर मुलींची संख्या झपाट्याने घसरत होती, मुलग्यांची घसरत नव्हती.

आपल्याकडे असे काही आढळले असते तर उत्तर तयार होते : 'मुलींना या वयात खेळायची आवड राहत नाही.' व्हिएन्नाच्या लोकांनी हे गृहीत धरले नाही. त्यांनी जागेकडे पाहिले. बागेच्या मधोमध एकच मोठे मोकळे मैदान असले की ते ज्याचा आवाज मोठा त्याचे होते. तिथे खेळायचे तर जागेसाठी भांडावे लागते, चेंडू अंगावर येतो, 'बाजूला हो' ऐकावे लागते. भांडणात मुलगे जिंकत आणि मुली बागेत यायचे सोडून देत. त्यांना कोणी हाकलत नव्हते, बागेची रचनाच हाकलत होती.

मग १९९९ मध्ये शहराच्या पाचव्या विभागातल्या दोन बागा नव्याने आखल्या. काम भव्य नव्हते. बागेत सहज ये-जा करता यावी म्हणून पायवाटा वाढवल्या. चेंडू लाथाडायच्या खेळाबरोबर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन अशा वेगळ्या खेळांना जागा दिली. झाडे-झुडपे आणि उंचसखल जमीन वापरून मोठ्या मैदानाचे लहान लहान, अर्धवट आडोशाचे भाग पाडले. बदल फार वाट न पाहता दिसू लागला. वेगवेगळे गट एकाच वेळी बाग वापरू लागले आणि एकाने दुसऱ्याला बाहेर ढकलणे थांबले. पुढे शहराने बागांच्या आखणीत हेच धोरण ठेवले.

याचा आरोग्याशी संबंध थेट आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे धाप लागेल असे हालचालीचे काम करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची माहिती तपासली तेव्हा ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुले एवढे हलत नाहीत असे दिसले. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. ही २०१६ ची आकडेवारी. याच वयात हाडांची घनता भरत असते. त्या वर्षांत मुलगी उड्या मारायची थांबली तर त्याचा हिशेब हाडे पन्नाशीनंतर मागतात.

म्हणून मुलींना विचारायला हवे. पण 'तुला बागेत काय हवे?' असे विचारून फारसे हाती लागत नाही. या प्रश्नाला मुलगे असोत की मुली, मॉलमध्ये पाहिलेले सांगतात : वॉटर पार्क, ट्रॅम्पोलिन. उपयोगी पडणारे प्रश्न साधे असतात. शाळेतून आल्यावर कुठे जातेस? बागेतल्या कोणत्या भागातून जायला नको वाटते? शेवटचे कुठे पडलीस? इथे कोण ओरडते? घरी परतायला किती वाजेपर्यंत परवानगी आहे? स्वच्छतागृह उघडे असते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा साऱ्या खेळण्यांपेक्षा महत्त्वाचे निघते.

मुलांकडे नुसते बघत राहणे, हेही एक प्रकारचे विचारणेच. डॅनिश उद्यानरचनाकार कार्ल सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की आपण आखलेली क्रीडांगणे सोडून मुले बाकी सगळीकडे खेळतात. आपल्याकडेही बघा, बाग शेजारी असताना पोरे बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरच चढलेली असतात. सोरेन्सननी त्यातून धडा घेतला. कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे १९४३ मध्ये, जर्मन फौजांच्या ताब्यातल्या देशात, त्यांच्या कल्पनेतून फळ्या, विटा, पेट्या, मोडके सामान यांनी भरलेले एक क्रीडांगण सुरू झाले. मुले तिथे स्वतः बांधत, मोडत, पुन्हा बांधत. सोबत एक जाणता माणूस असे. इंग्लंडमध्ये नंतर जी साहसी क्रीडांगणे निघाली त्यांचे हे मूळ.

ॲमस्टरडॅमची गोष्ट आणखी वेगळी. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये तिथल्या बेर्टेलमन चौकात महापालिकेच्या आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाने एक छोटी खेळायची जागा केली : वाळूचा हौद, काही गोल दगड, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, बसायला बाक, भोवती झाडे. आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांनी ती पाहिली आणि महापालिकेला पत्रे धाडली : आमच्या गल्लीतही एक मोकळी जागा पडून आहे. नागरिकांनी जागा सुचवायची, महापालिकेने बघून करायचे, असा सिलसिला १९७८ पर्यंत चालला आणि शहरात सातशेहून अधिक खेळाच्या जागा झाल्या. त्यांतल्या फार थोड्या आज मूळ रूपात उरल्या आहेत. मला त्यातली विशेष गोष्ट वाटते ती जागांच्या आकाराची. दोन इमारतींमधली फट, रस्त्याच्या वळणावरचा त्रिकोण, पाडलेल्या घराचा मोकळा तुकडा. एकरभर जागा मिळेपर्यंत कोणी थांबले नाही.

बैठकीला कोण आले?

लोकसहभाग हा शब्द आता प्रत्येक योजनेच्या कागदावर असतो. त्यामुळे त्याच्याकडे जरा संशयानेच बघायला हवे. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे, अशा त्या तीन. पाहुण्यांना गुलाबपुष्प देणाऱ्या आणि 'आम्हाला बाग हवी' असे पाठ केलेले भाषण म्हणणाऱ्या मुलांची जागा त्या तळाशी आहे.

मोठ्यांच्या बाबतीतही तेच. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला क्षेत्रीय कार्यालयात ठेवली तर तिला ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी आणि दोन सोसायट्यांचे अध्यक्ष येतील. त्यांचे म्हणणे खोटे नसते. त्यांना बसायला पाठीचे बाक हवेत, वाट सपाट हवी, गलका कमी हवा. पण अशा बैठकीतून हमखास निघणारी आणखी एक मागणी असते : 'बाहेरची मुले येतात, त्यांचा बंदोबस्त करा.' बाहेरची म्हणजे पलीकडच्या वस्तीतली, वॉचमनची, बांधकामावरच्या मजुरांची. ज्यांच्या घरात पाय पसरायला जागा नाही आणि ज्यांना बागेची सर्वांत जास्त गरज आहे, ती. बैठकीला ज्यांना बोलावलेच नाही त्यांच्यावर बैठकीत निर्णय होतो आणि कुंपणाची उंची वाढते. सार्वजनिक पैशाने केलेल्या बागेत कोणतेच मूल बाहेरचे नसते, ही गोष्ट चर्चेला ठेवायचीच नाही. अधिकाऱ्यांनी ती सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकावी.

बैठक बागेतच घ्यावी, संध्याकाळी. जमिनीवर बागेचा मोठा नकाशा पसरून मुलांना रंगीत टिकल्या द्याव्यात : आवडत्या जागेला हिरवी, भीती वाटते तिथे लाल. चार मुलांबरोबर बागेतून चालत जावे आणि त्यांनी दाखवलेल्या जागांचे फोटो काढावेत. शाळेत एक तास मागून घ्यावा, कारण बागेत न येणारी मुलेही शाळेत असतात. अपंग मुलांच्या पालकांना घरी जाऊन भेटावे. ती मुले बागेत दिसत नाहीत म्हणून 'गरज नाही' असे होत नाही. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा त्यांना वापरता येतील अशा करायला सांगतो. आणि आखणी करणाऱ्याने एकदा तरी गुडघ्यावर बसून बागेकडे पाहावे. पुण्यासह काही शहरांत राबवलेल्या 'अर्बन ९५' उपक्रमाच्या नावातला आकडा ९५ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची. त्या उंचीवरून कुंपणाचे झुडूप भिंत होते आणि बाकाची कड डोक्याशी येते.

मतांनी न ठरणाऱ्या गोष्टी

लोकांना विचारायचे याचा अर्थ सगळे लोकांवर सोडायचे असा नाही. काय हवे, कोणासाठी, किती वाजता, हे वापरणाऱ्यांनी ठरवावे. पण झोक्याखाली काय असावे हे हात वर करून ठरत नाही, कारण ते पदार्थविज्ञान ठरवते. आणि लोकांची मागणी इथेच बहुतेक वेळा चुकते. 'चिखल नको, पेव्हर ब्लॉक टाका' ही ती मागणी.

हिशेब सोपा आहे. दोन मीटर उंचीवरून पडलेले मूल जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे असतो. वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते यावर झटका ठरतो. मोकळ्या वाळूने दहा सेंटिमीटर दबून जागा दिली तर सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या २० पट. पेव्हर ब्लॉक दबत नाही. तिथे शरीर जेमतेम सेंटिमीटरभर दबते आणि झटका २०० पटींवर जातो. क्रीडांगणाची जमीन तपासताना संवेदक बसवलेला डोक्याच्या आकाराचा गोळा वरून टाकून मोजतात. अमेरिकी मानकात त्याची कमाल मर्यादा २०० पट हीच आहे. म्हणजे आपण ज्या पृष्ठभागाला 'स्वच्छ' म्हणून पसंती देतो, तो डोक्यासाठी मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे आहे. मऊ जमिनीने हात मोडायचा पूर्णपणे टळतो असे नाही. डोके वाचते, ते महत्त्वाचे.

मग रबरी मॅट? ती उत्तम दबते, पण महाराष्ट्रातल्या उन्हाचे काय? एप्रिल-मे महिन्यात सावली नसलेल्या जागी गडद रंगाचे रबर ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकते. लहान मुलांची त्वचा पातळ असते आणि चटका बसल्यावर झटकन पाय उचलणे दोन वर्षांच्या मुलाला जमत नाही. लोखंडी घसरगुंडीचेही तेच. म्हणून आधी झाड, मग खेळणे. असलेली झाडे राखून त्यांच्या सावलीत झोके-घसरगुंड्या बसवाव्यात. वाळू स्वस्त आणि चांगली, फक्त ती फूटभर खोल हवी, दर आठवड्याला उकरून सैल करायला हवी, खाली पाणी निचरायला हवे आणि रात्री झाकायला हवी. भटकी कुत्री-मांजरे तिचा संडास करतात आणि त्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी मुलांच्या पोटात जातात. हे काम करणारा माळी नसेल तर वाळूचा हट्ट धरू नये. लाकडाचा जाड चुरा हा दुसरा पर्याय, मात्र पावसाळ्यानंतर तो बदलावा लागतो.

पावसाळ्याचा आणखी एक मुद्दा. जुन्या टायरांची खेळणी हल्ली लोकप्रिय आहेत, स्वस्त आहेत, मुलांना आवडतात. टायरमध्ये साचलेले पाणी डेंग्यूच्या डासालाही आवडते. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. टायरला तळाशी मोठी भोके पाडलेली नसतील तर आपण मुलांसाठी खेळणे आणि एडिससाठी पाळणाघर एकाच खर्चात बांधतो.

झाडांच्या यादीवरही नजर हवी. दुभाजकावर शोभणारी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, दोन्ही विषारी आहेत आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बिट्टीच्या बियांनी आपल्या आधीच्या पिढ्या खेळल्या हे खरे, पण तीन वर्षांचे मूल बी तोंडात घालते. लहान मुलांच्या जागेत ही झाडे नकोत. रंगाचेही असेच. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा २०१६ चा नियम आहे, पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. निविदेतच 'शिसेविरहित रंग' लिहून घ्यावे.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग उंच खेळणीच नकोत. तेही चुकीचे. जोखीम आणि धोका यांत फरक आहे. दोरीच्या जाळ्यावर किती उंच चढायचे हे मुलाला दिसते, ते अंदाज घेते, एक दिवस एक गाठ अधिक चढते. ही जोखीम. गंजून सैल झालेला नट त्याला दिसत नाही, तो धोका. कठड्याच्या गजांमधली नऊ ते तेवीस सेंटिमीटरची फटही धोकाच, कारण तिच्यातून पाय-धड जाते आणि डोके अडकते. एक मोजपट्टी घेऊन जवळच्या बागेतल्या या फटी जरूर मोजा. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलांचे निरीक्षण करून जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले. उंची, वेग, कुस्तीसारखी झटापट, मोठ्यांच्या नजरेआड जाणे हे त्यांत येतात. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये अशा खेळाच्या बाजूने भूमिका घेतली : धोके काढा, जोखीम ठेवा. शून्य जोखमीची बाग करणे सोपे आहे. तिच्यात सात वर्षांपुढचे मूल येत नाही, एवढेच.

चिखलाबद्दलही पालकांशी एकदा शांतपणे बोलायला हवे. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात संशोधकांनी जंगलातली माती आणि हिरवळ आणून अंथरली. तीन ते पाच वर्षांची मुले तिथे २८ दिवस रोज खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही निर्देशकांत अनुकूल बदल दिसले. अभ्यास छोटा होता, ७५ मुलांचा. त्यावरून दमा-ॲलर्जी टळते असे म्हणता येणार नाही. डोळ्यांबाबतचा पुरावा जास्त भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर दिला. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना दूरचे दिसायचा चष्मा लागण्याजोगा दोष आला, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, फक्त दिवसाचा उजेड.

आणि इथे आपल्या बागांची सर्वांत स्वस्त दुरुस्ती दडली आहे. बऱ्याच बागा सकाळी फिरणाऱ्यांसाठी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळच्या शाळेतली मुले घरी येतात तेव्हा फाटकाला कुलूप असते. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीतही तेच. मोजणी आणि चार बैठका करून कळले की निम्मी मागणी फाटक उघडे ठेवण्याची आहे, तर त्याला निविदा लागत नाही. लागतो एक सुरक्षारक्षक आणि उघडे स्वच्छतागृह.

बाकीच्या कामांना पैसा लागतो आणि तो मागायचा रस्ता आहे. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. त्यात नागरिक आपल्या भागातली छोटी कामे अर्ज भरून सुचवू शकतात. तिथल्या वाचकांनी तो अर्ज वापरावा. इतर शहरांत प्रभागाच्या कार्यालयात आणि उद्यान विभागात लेखी मागणी देता येते. 'बागेचे सुशोभीकरण करावे' एवढेच लिहिले तर कॅटलॉगमधला तोच संच येईल. त्याऐवजी लिहावे : दोन आठवड्यांच्या मोजणीत दहा वर्षांपुढच्या मुली इतक्या, मुलगे इतके. मैदानाचा एक भाग झुडपांनी वेगळा करून तिथे बॅडमिंटनचे जाळे बांधायला दोन खांब हवेत. झोक्यांखालचे पेव्हर ब्लॉक काढून मऊ जमीन हवी. नट-बोल्ट महिन्यातून एकदा तपासल्याची नोंदवही बागेतच हवी. सोबत मोजणीचे तक्ते आणि मुलांनी टिकल्या लावलेल्या नकाशाचा फोटो जोडावा. काम झाल्यावर सहा महिन्यांनी, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच फाटकापाशी उभे राहून तेच चार रकाने पुन्हा भरावेत आणि तो कागदही उद्यान विभागाला द्यावा. त्यावर पोच घ्यायला विसरू नये.